दुपारचं झाकण

१

बारा वाजायला आले की आत्या चष्मा कपाळावर ढकलायची, मशीनचा मोठा खटका खाली ओढायची, कर्ण्याची तार काढून टेबलावर ठेवायची आणि निळ्या चौकड्यांची एक जुनी चादर मशीनच्या काचेवर टाकायची. मग डबा उघडायची. सव्वाबाराला हात धुऊन, चादरीची नीट घडी घालून, खटका पुन्हा वर. ठोकाघरात वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. दिसलं ते ठिणगीला, ती शिकून परत आली तेव्हा.

ठोकाघर हे लोकांनी ठेवलेलं नाव. बंदरामागच्या टेकडीवर दोन खोल्या, एक अंगण आणि अंगणात तारांनी ताणून उभा केलेला उंच मनोरा, एवढाच त्याचा पसारा. आतलं मशीन थोड्या थोड्या वेळाने मनोऱ्यावरून रेडिओचा एक ठोका सरळ वर पाठवायचं. फार वरची हवा सूर्याच्या किरणांमुळे विजेने भारलेली असते, तिचे थर असतात. ठोका त्या थरांवर आपटून परत यायचा. यायला किती वेळ लागला यावरून थर किती उंच आहे ते कळायचं; आणि कुठल्या फ्रिक्वेन्सीचा ठोका परत आला यावरून खोल समुद्रातल्या बोटींशी आज कुठल्या चॅनेलवर बोलावं, ते; चॅनेलचा आकडा तोच, जो फ्रिक्वेन्सीचा. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत व्हायचं, कानाला कळणं शक्यच नव्हतं. म्हणून आत्याने तरुणपणी खटपट करून तो वेळ ताणून कर्ण्यावर ऐकू येईल अशी सोय केली होती. गेलेला ठोका ‘टक्’ वाजायचा, परत आलेला ‘टिक्’. टक्... टिक्. टक्... टिक्. ठिणगी या आवाजातच लहानाची मोठी झाली.

ती आत्याची भाची. आईवडील गेल्यावर आत्यानेच तिला वाढवलं. लहानपणी कशावरूनही भडकायची म्हणून ठिणगी हे नाव पडलं, ते शिकूनसवरूनही पुसलं गेलं नाही. सूर्याचा अभ्यास करायला ती फार दूर गेली, नाव काढलं, आणि सगळ्यांनी राहा राहा म्हटलं तरी एका बॅगेनिशी परत आली. तिथले सर म्हणाले होते, “तिकडे जाऊन करणार काय?” तिने सांगितलं, “इथे सूर्याकडे बघायला शंभर जण आहेत. आमच्या डोक्यावरच्या आभाळाला एकच मशीन आहे आणि एकच आत्या.”

परतल्या परतल्या तिच्या नजरेत भरली ती चादर.

“आत्या, मशीन आहे ते, पोपट नव्हे. झाकलं की झोपतं का?”

“झोपत नाही. पण मला सुखाने जेवता येतं.”

“तू का झाकतेस ते सांग ना.”

“गरम होतं.”

“पूर्वी होत असेल. आता आतले भाग नवे आहेत, पंखा आहे. काही गरम होत नाही.”

आत्याने डब्याचं झाकण लावलं आणि विषयही.

पण विषय मिटणारा नव्हता. मुख्य कचेरीतल्या साहेबांनी फोनवर स्पष्टच सांगितलं होतं: सगळ्या स्टेशनांची मोजणी आता एकत्र जोडली जातेय, ज्यात रोज भोक पडतं ती मोजणी कुणाला नको. महिनाभर अखंड मोजणी दाखवा, नाहीतर मनोरा उतरवून घेऊ. मनोरा गेला की ठोकाघर गेलं, आत्याच्या डोक्यावरचं छप्पर गेलं, आणि बोटींना कुठल्या चॅनेलवर हाक मारायची हे सांगणारं कुणी उरणार नव्हतं. मोठ्या बोटींकडे उपग्रहाचे फोन होते. लहानांकडे जुने बिनतारी संच, आणि आभाळ.

“रोज भोक, तेही भर दुपारी!” ठिणगी खोलीत येरझारा घालत म्हणाली. “सूर्यावर ज्वाळा उसळते ती आपला डबा बघून उसळत नाही, आत्या. उद्यापासून चादर बंद.”

दुसऱ्या दिवशी बाराच्या आधी आत्याने डबा उचलला आणि अंगणात, खिडकीकडे पाठ करून बसली.

२

पहिल्या दुपारी ठिणगी मुद्दाम मशीनसमोर खुर्ची ओढून बसली. टक्... टिक्. ऊन चढेल तसा टिक् क्षीण होत गेला. ते व्हायचंच. दुपारी सूर्य डोक्यावर आला की सगळ्यात खालचा थर दाट होतो आणि जाणारे-येणारे ठोके थोडे थोडे गिळतो. हे तिला पाठ होतं.

बारा वाजून गेले. टक्... टिक्. आणि मग:

टक्, टिक्.

हा टिक् क्षीण नव्हता. स्वच्छ होता, कोरडा, आणि फार लवकर आला होता. तिने काचेकडे पाहिलं. नेहमीच्या थरांच्या फिकट रेघा खूप वर होत्या. त्यांच्या कितीतरी खाली, सगळ्यात कमी फ्रिक्वेन्सीवर, एक ठळक ठिपका. उंची तीस किलोमीटर.

तिथे काही नसतं. तिथे थर नाही, वीज नाही. नुसती विरळ हवा. आणि कमी फ्रिक्वेन्सी तर भर दुपारी सगळ्यात आधी गिळली जाते. जे सगळ्यात आधी मरायला हवं, तेच सगळ्यात जिवंत होतं.

सव्वाबाराला ठिपका गेला.

ठिणगी हसली. तिला खरं तर बरंच वाटलं. बिघाड असला की तिच्या हातांना काम मिळायचं. दुपारभर तिने मशीन उघडून तपासलं. माहीत असलेल्या लांबीच्या केबलचं वेटोळं जोडून त्यातून ठोका फिरवला. मशीनने लांबी अचूक सांगितली. मशीन खरं बोलत होतं.

दुसऱ्या दुपारी ठिपका विमानं उडतात त्या उंचीवर होता. त्यानंतर ढगांच्या. तो रोज बाराच्या सुमाराला यायचा, पाव तास राहायचा, आणि रोज आदल्या दिवसापेक्षा खाली असायचा.

३

हे कचेरीत जाऊ देणं म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणं होतं. साहेब काय म्हणणार ते ठिणगीला ऐकू येत होतं: मशीन बिघडलंय, महिना बाद. म्हणून तिने मशीनला एक सूचना घालून दिली. पन्नास किलोमीटरच्या खालून जे परत येईल ते आभाळ नव्हे. ते दाखवू नकोस, पाठवू नकोस.

काच साफ झाली. मोजणी अखंड झाली. साहेबांनी फोन करून शाबासकी दिली, तेव्हा तिचे कान गरम झाले. खोटं ती कधी बोलत नसे. आता ती रोज पाव तास एक गोष्ट झाकत होती. आत्याने चादर टाकली तर ती अंधश्रद्धा, आणि तिने टाकली तर ती दुरुस्ती. एवढाच काय तो फरक.

मात्र ती सूचना काचेपुरती होती, कर्ण्याला लागू नव्हती. काचेवर काही नसायचं आणि खोलीत वाजत राहायचं. टक्-टिक्. टक्-टिक्. मधलं अंतर रोज आवळत चाललेलं. सुरुवातीला दोन आवाज होते. काही दिवसांनी ते कुणीतरी दाराला दोन बोटांनी एकदमच टकटक करावी तसे ऐकू येऊ लागले.

४

मनोऱ्याला तेल-रंग करणारा माणूस होता, त्याला सगळे चढ्या म्हणत. जमिनीवर असला की त्याच्या तोंडाचा पट्टा चालू, आणि वर गेला की शीळ. एका दुपारी तो शीळ न घालता खाली आला आणि दारात उभा राहिला.

“शास्त्रीणबाई, तुमच्या मनोऱ्यावर मी बहिरा व्हायला लागलोय.”

“तेल मनोऱ्याला घालायचं, कानात नाही,” ठिणगी म्हणाली.

“हसा. टोकाला होतो. नट बसेना म्हणून हातोडी घातली. आवाजच नाही. पुन्हा घातली. नाहीच. ओरडून पाहिलं, तर घसा दुखतोय आणि ऐकू काही नाही. उतरायला लागलो आणि निम्म्यावर आल्यावर एकदम ऐकू यायला लागलं. पाण्याखालून डोकं वर काढावं ना, तसं. फक्त उलटं. पाणी वर.”

“वारा असेल. वाऱ्याने आवाज उडतो.”

“वारा कुठे होता?”

वारा नव्हता. तिला माहीत होतं. तिने त्याला चहा दिला आणि उन्हात टोपी घालत जा असं सांगितलं.

तीन-चार दिवस गेले. तो पुन्हा आला, या वेळी आत येऊन बसला. हातातली हातोडी त्याने टेबलावर ठेवली, अगदी अलगद, जणू ती झोपलेली आहे.

“आज वर गेलोच नव्हतो. पहिल्या आडव्या पट्टीवर होतो, खालून माणूस हात लावेल एवढ्या उंचीवर. आणि आवाज झाला.”

“कसला?”

“माझ्या हातोडीचा. ठण्ण. मी मारली नव्हती हो. हात असा वर होता नुसता.” त्याने हात वर करून दाखवला. “मी मारणार नव्हतो. नट बसला होता. पण आवाज तर झालेला, मग... मग मारली. मारावीच लागली. झालंच होतं ना ते.”

ऊन, थकवा, कानाचा दोष. ठिणगीजवळ तीन कारणं तयार होती, तिन्ही चांगली होती.

“उद्यापासून मी सकाळी येईन आणि ऊन कलल्यावर येईन,” चढ्या उठत म्हणाला. “दुपार तुमची तुम्ही बघा.”

जाताना तो हातोडी घ्यायला विसरला. आठवण केली तरी घेतली नाही.

५

त्या संध्याकाळी आत्या अंगणात कपडे काढत होती. ठिणगीने दोरीच्या दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. मध्ये दोघींची गाठ पडली ती निळ्या चादरीपाशी.

“गरम होतं म्हणून नव्हतीस झाकत,” ठिणगी म्हणाली.

“नाही.”

“मग?”

“माझ्या आधी इथे जे होते ते झाकायचे. मला म्हणाले, विचारू नकोस, टाक. मी तुझ्यासारखीच होते. एकदा नाही टाकली.”

“आणि? काय झालं?”

“काही झालं नाही. होऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी टाकली.”

“म्हणजे तू घाबरलीस.”

“घाबरले.” आत्याने चादर दोरीवरून ओढली. “घाबरायला लाज वाटते ती तुझ्या वयात.”

“आत्या, तू रोज पाव तास देऊन टाकलास. कुणाला देतेय, का देतेय, विचारलंसुद्धा नाहीस!”

“आणि उरलेला सगळा दिवस आपला राहिला. त्या दिवसात तू वाढलीस.”

ठिणगीला राग आला. “आज पाव तास मागितला. उद्या तास मागेल. आभाळ आपलं आहे, आत्या. खाली बोटी आहेत. त्यांनी कुठल्या वेळेला बुडायचं नाही ते आपण ठरवायचं का? आपण डबा खातोय तेवढं बुडू नका?”

“ओरडू नकोस.”

“ओरडणार! मी खटका बंद करणार नाही. काय यायचंय ते येऊ दे.”

आत्याने तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “असं म्हणू नये गं.” आणि चादर तिच्या खांद्यावर टाकून आत गेली.

दुसऱ्या दुपारी टक् आणि टिक् एकच झाले. एकच ठोका, जरा जाड. ठिणगीने सुटकेचा श्वास सोडला. शून्य उंची, याच्या खाली जागाच नाही. आता हे संपणार.

त्याच्या दुसऱ्या दुपारी कर्णा वाजला: टिक्, टक्.

६

ज्या दिवशी सूर्यावर ज्वाळा उसळली, त्या दिवशी सकाळपासून वारा पडलेला होता आणि समुद्र काचेसारखा. साडेअकराच्या सुमाराला बंदरातल्या बिनतारीवाल्या काकांचा फोन आला. काका म्हणजे आत्याच्या वयाचा माणूस, रोज बोटींशी बोलून बोलून घसा खरवडलेला.

“पोरी, हवामानवाल्यांनी पलटी मारलीये. वादळ इकडे वळलं. बोटी परत निघाल्यात, पण बंदराच्या तोंडाशी आल्या तर फुटतील. त्यांना उत्तरेच्या खाडीत वळायला सांगतोय. आठच्या चॅनेलवर अर्ध्या जणांना मिळालं, अर्ध्यांना सांगतोय.”

“आठ उत्तम आहे आज, काका. चालू ठेवा.”

बाराला दोन-तीन मिनिटं असताना कर्णा मुका झाला.

टक्. मग काही नाही. टक्. काही नाही. काचेवरच्या साऱ्या रेघा ओल्या फडक्याने पुसाव्यात तशा पुसल्या गेल्या. ठिणगीला कळायला क्षणही लागला नाही; याच्यासाठीच तर ती शिकली होती. ज्वाळेचे किरण उन्हाबरोबरच येऊन पोचतात, आधी वर्दी देत नाहीत. खालचा थर एकदम दाट होतो आणि पृथ्वीच्या ज्या बाजूला दिवस आहे तिथल्या सगळ्या हाका गिळून टाकतो. तास, कधी दोन तास.

फोन वाजला. “पोरी! बोटी गेल्या कानाआड. आठ मेलंय, सहा मेलंय. कुठल्या चॅनेलवर जाऊ?”

“शोधते, काका. फोनजवळच थांबा.”

आत्या अंगणातून धावत आली. दारात क्षणभर थांबली आणि चादर बंद झाल्यापासून पहिल्यांदाच त्या वेळेला उंबरा ओलांडून आत आली.

एखादा क्षीण खरा ठोकासुद्धा सुटायला नको होता. ठिणगीने मशीनला घातलेली ती सूचना काढून टाकली. जे आहे ते सगळं दाखव. बारा वाजले आणि काच उजळली. चारच्या फ्रिक्वेन्सीवर, शून्याच्या रेघेच्या खाली, जिथे काच संपते तिथे, ठिपका उभा होता. एवढा ठळक की बाकी काच त्याच्यापुढे काळी दिसत होती.

टिक्, टक्. टिक्, टक्.

“चारवर येतंय की!” आत्या म्हणाली. मग खालून येतंय ते काय, हे तिचं तिलाच कळलं.

“चार आपलं नाही,” ठिणगी म्हणाली. “चार कुणीतरी देतंय.”

टेबलावरचा कप किणकिणला. मग तिचं कोपर टेबलाला लागलं. खुर्ची करकरली, मग ती पुढे वाकली. तिने तिकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं. ज्वाळा वरच्या फ्रिक्वेन्सीला कमी गिळते. तिने मशीन वर वर नेलं. दहा. काही नाही. अकरा. नाही. बारावर ती थांबली आणि ठोक्यामागून ठोका सोडत राहिली, शेकडो ठोके, सगळ्यांची बेरीज करत, वाळूत सुई शोधावी तशी. खालून तो कोरडा टिक् चाललेलाच होता, इकडे ये म्हणत, सोपं आहे म्हणत.

टक्...

...टिक्.

फार दूरचा. तीनशे किलोमीटरवरचा. नंतर आलेला. खराखुरा, क्षीण, म्हातारा टिक्. ठिणगीच्या डोळ्यांत पाणी आलं.

“बारा! आत्या, बारा मिळालं!”

ती फोनकडे वळणार होती. तेव्हा तिची नजर मशीनच्या काचेवर गेली. काचेत खोली दिसत होती, दार, उन्हाचा पट्टा, घाबरलेली आत्या. आणि ती स्वतः. काचेतली ठिणगी पाठमोरी उभी होती. तिच्या कानाला रिसीव्हर होता. जबडा हलत होता. मग तिने रिसीव्हर खाली ठेवला, अगदी हळू, काम झालेल्या माणसासारखा.

ठिणगीचे दोन्ही हात मशीनवर होते.

७

तिने फोन उचलला तेव्हा रिसीव्हर गरम होता.

“काका, बाराच्या चॅनेलवर जा. बारा.”

“हो? आत्ताच तर चार म्हणालीस.”

“मी नाही म्हटलं.”

“अगं, आत्ता, या क्षणी तुझा फोन होता. चार घ्या काका, चार स्वच्छ आहे. मी चारचा संच लावलासुद्धा. आणि खरंच काय स्वच्छ आहे गं! पलीकडून कुणीतरी बोलतंय. थांबा, थांबा म्हणतंय. बोटीवालेच असतील.”

“त्यांना तुमचं ऐकू गेलं का?”

“माझं अजून बोलून व्हायचंय. ते आधीच उत्तरं देतायत.” काका हसले, पण हसू मध्येच कुठेतरी गळून पडलं.

“काका, चार बंद करा. ती मी नव्हते. मी आत्ता बोलतेय ती मी आहे.”

मग काका हळू आवाजात म्हणाले, “पोरी, अगदी हेच तू मघाशी म्हणालीस. आत्ता बोलतेय ती मी आहे. पुन्हा फोन येईल, ती मी नसेन. आता मी कुणाचं ऐकू?”

ठिणगी जे म्हणेल ते आधीच म्हणून झालेलं असणार होतं. खरं सांगायला तिच्याकडे तिचाच आवाज होता, आणि तो वापरून झाला होता.

आत्याने रिसीव्हर तिच्या हातातून ओढून घेतला.

“ए बेंबट्या!” ती गरजली. हे नाव ठिणगीने कधीच ऐकलं नव्हतं. पलीकडे मात्र कुणीतरी दचकल्याचं कळलं. “इतकी वर्षं माझ्याकडून चॅनेल घेतोयस, एकदा तरी चुकीचं दिलंय का? मग आज मी सांगते. बारा. आणि यानंतर कुणीही फोन केला, मी केला, माझ्याच आवाजात केला, रडून केला, तरी बारा. चारच्या संचाची वायर उपटून टाक. आत्ता. मी धरलाय फोन, मला उपटल्याचा आवाज ऐकू दे.”

काहीतरी पडलं, फुटलं. मग काकांचा आवाज, लांबून, नेहमीसारखा खरवडलेला: “सर्व बोटींना... सर्व बोटींना... उत्तरेच्या खाडीत वळा...”

आत्याने फोन ठेवला. “काय बघतेस?” ती भाचीवर खेकसली. “ठोके सोड. मध्ये भोक पडायला नको.”

८

बोटी उत्तरेच्या खाडीत लागल्या. सगळ्या. एका बोटीच्या तांडेलाने बंदरात येऊन सांगितलं, की आम्ही संच फिरवत होतो, बारावर हाक लागली त्याच्या जरा आधी चारवर कुणीतरी बाईमाणूस बोलत होतं. काय बोलत होतं? काही नाही, नुसतं आमच्या बोटीचं नाव घेऊन, पुढे या, पुढे या. गोड आवाज होता. आम्ही निघालोच होतो.

ठिणगीने कचेरीला सगळी मोजणी पाठवली, ठिपक्यासकट. झाकलेले दिवसही पाठवले. फोनवर सांगितलं, हे काय आहे मला माहीत नाही. मशीन खरं बोलतंय. मी काही दिवस लपवलं, यापुढे लपवणार नाही. तुम्हाला स्टेशन बंद करायचं असेल तर येऊन माझ्या समोर खटका ओढा. साहेब म्हणाले, विचार करून कळवतो. अजून कळवलेलं नाही. मनोरा उभा आहे.

चादरीचं आत्याने फडकं केलं. आता बारा वाजले की ती डबा घेऊन मशीनसमोरच बसते, दोघींच्या दोन खुर्च्या, आणि खटक्यावर एक हात ठेवून दर दुपारी एकदा विचारते. हा तिचा नवा नेम. भाचीला मोकळीक असावी म्हणून विचारते, असं ती म्हणते.

आजही विचारलं. कर्ण्यात टिक्, टक् चाललं होतं. काचेत खोली होती, ऊन होतं, दोन बायका होत्या. त्यांतली तरुण नेहमीसारखी पाठमोरी.

“ठिणगे, बंद करू का?”

“हो.”

आवाज ठिणगीचा होता. स्पष्ट, दमलेला, अगदी तिचा. पण तिने अजून तोंड उघडलं नव्हतं.

आत्याचा हात खटक्यावर आवळला गेला आणि थांबला. ती कर्ण्याकडे पाहत नव्हती. ती भाचीच्या ओठांकडे पाहत होती.

ठिणगीला तो शब्द घशात लागला. तो तिथे आलेलाच होता, गरम, गिळता न येणारा, तिच्या स्वतःच्या मनातून आल्यासारखा. किती सोपं होतं. झालंच होतं ते. नुसतं तोंड उघडायचं, की तो आपोआप बाहेर पडणार होता. तिला चढ्याचा वर धरलेला हात आठवला. मारावीच लागली. तिने टेबलाची कड घट्ट धरली, इतकी की नखं पांढरी पडली, आणि तो ‘हो’ दातांमागे अडवून ठेवला. अंगणात उन्हात काही हलत नव्हतं. मनोऱ्याची सावली त्याच्या पायाशी गोळा झाली होती.

“नाही,” ती म्हणाली.

कर्णा थांबला.

आणि काचेतली पाठमोरी ठिणगी, पहिल्यांदाच, वळून तिच्याकडे पाहू लागली.